आखूड नळी आणि गॉर्डीच्या आईची पाटी

नॉर्बर्ग, विस्कॉन्सिन
१७ जून

ती. लेलँडदादास,

धाकट्या ऑर्विलचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्यामुळे मनातल्या मनात घातलेला). अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तुझे सांधे मोकळे झाले असतील, अर्डिसवहिनींना नव्या डोळ्याने स्वच्छ दिसत असेल, अशी आशा करतो. इकडे आमची प्रकृती ठणठणीत आहे. म्हणजे आमच्या सौ. डोरीनची आहे. माझा उजवा खांदा वांग्याच्या रंगाचा झालाय, आणि मनाचं तर विचारूच नकोस.

दादा, तू गावात असतास तर ही वेळ आली नसती. एप्रिलमध्ये नेमबाजीच्या क्लबचा पहिला रविवार होता. बर्फ नुकतंच वितळलेलं, मैदानात घोटाभर चिखल. मी गाडीतून उतरून चालत निघालो आणि सर्वांसमोर (सर्वांची पाठ होती, तेवढी देवाची कृपा) घसरून सपशेल आडवा झालो. बंदुकीची नळी चिखलात वीतभर रुतली. मी उठून पँट पुसली, दस्ता पुसला, नळी बाहेरून लख्ख पुसली. आतून पुसायचं सुचलं नाही. रिकाम्या बाजूला जाऊन एक बार काढून पाहिला तर नळीचं टोक मक्याच्या कणसाच्या पानांसारखं उलगडलं! मला ओरखडासुद्धा आला नाही, याचं डोरीनला अजून नवल वाटतं. (तिच्या नवल वाटण्यात थोडी निराशा आहे का, हे मी तपासत नाही.)

बंदूक तशीच गुंडाळून हार्लनच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात नेली. तसली एकनळी आता कुणी बनवत नाही, जोडायला दुसरी नळी मिळणार नाही, असं तो म्हणाला. एकच उपाय होता, कापायची. ‘कापून एकोणीस इंच ठेवतो. अठराच्या खाली गेलो तर सरकारी माणसं तुझ्या दारात उभी राहतील, आणि मग माझ्या,’ असं बजावून त्याने करवत लावली. दादा, तो आवाज मी बाहेर उभा राहून ऐकला. दात काढताना येतो तसा.

आता चूक माझी कुठे झाली ते सांगतो. पुढच्या रविवारी आपल्या संघाचा कप्तान गॉर्डी याने ती आखूड बंदूक पाहून विचारलं, ‘अरे, हे काय?’ त्या क्षणी ‘चिखलात पडलो’ एवढं म्हणायला काय हरकत होती? पण शेजारच्या कॅडवेल गावची माणसं कॉफी पीत उभी होती. मी छाती काढून म्हणालो, ‘मुद्दाम कापून घेतली. हलकी पडते. हल्लीचं तंत्र आहे.’ त्यावर कॅडवेलचा कप्तान म्हणाला, ‘ऑर्विल, असली कापलेली बंदूक दरोडेखोर बाळगतात. पत्ता चुकलास रे, बँक चौकात आहे!’ आणि सगळे पोट धरधरून हसले.

तुला नेमबाजी शिकवायला नको, पण माझं दुःख कळावं म्हणून लिहितो. पूर्वी नळीच्या तोंडाशी जी जराशी अरुंद मान होती, तीच छर्‍यांना एकत्र धरून ठेवायची. ती मान गेली. आता बंदुकीतून छर्रे शाळा सुटल्यासारखे बाहेर पडतात, आणि मातीची तबकडी त्यांच्या मधून सुखरूप निघून जाते. शिवाय पुढचं वजन गेल्यामुळे नळी तबकडीच्या आधीच भलतीकडे पोचते, आणि आवाज असा की मैदानापलीकडच्या डेअरीवाल्याने गाई दूध आखडतात म्हणून तक्रार केली. पंचवीसपैकी मी सहा फोडल्या. सहा! एकतीस वर्षांत अठराच्या खाली कधी आलो नव्हतो.

लोकांनी बंदुका देऊ केल्या. गॉर्डीने स्वतःची दुसरी दिली. पण घेतली असती तर ‘हल्लीचं तंत्र’ खोटं ठरलं असतं, म्हणून मी नाही म्हटलं. मग एक युक्ती काढली, तबकडी लांब जायच्या आत फोडायची. ‘सोड!’ म्हणून ओरडायचं आणि दिसताक्षणी बार. चौदावर आलो. दादा, त्या आठवड्यात मी शीळ घालत गवत कापलं. पुढच्या रविवारी वेग आणखी वाढवला. ‘सोड!’ म्हणालो, तबकडी उडाली की नाही ते पाहिलं नाही, नळी वर आली की नाही तेही पाहिलं नाही. समोर तबकड्या फेकणार्‍या यंत्राची बुटकी खोली आहे, तिच्या भिंतीवर सगळा बार बसला. आत माणूस नसतो. पण भिंतीवर पाटी होती. खोलीचं नवं छप्पर गॉर्डीने आपल्या आईच्या नावाने दिलं होतं, तिची पितळी पाटी. तिच्या ‘नेवा’ या नावातलं ‘ने’ तेवढं शिल्लक राहिलं.

कुणी हसलं नाही. गॉर्डी जवळ गेला, पाटीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसून निघून गेला. चौथीपासूनचा मित्र! तीन आठवडे बोलला नाही. संघातलं माझं नाव खोडलं. शेवटी मी नवी पाटी करून घेतली, ती बगलेत मारून त्याच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो आणि चिखलापासून सगळं सांगून टाकलं. सांगताना, लाज वाटते, पण डोळ्यांत पाणी आलं.

त्याने पाटी माझ्या बगलेतून काढून घेतली आणि म्हणाला, ‘आई आधीच गेलेली होती म्हणून वाचलास. नाहीतर तिनेच तुला बडवला असता.’ आणि वर: ‘गाढवा, पडलास हे मला सांगायला काय झालं होतं? मीही त्याच चिखलात दोनदा पडलोय.’

आम्ही दोघांनी मिळून पाटी ठोकली. मला वाटलं, सुटलो. म्हटलं, ‘मग कॅडवेलच्या सामन्यात मी परत संघात?’ गॉर्डी खिळ्याकडे बघत राहिला. माझी जागा त्याने डोरीनला देऊन टाकली होती. दादा, तिने उसन्या बंदुकीने पंचवीसपैकी तेवीस फोडल्या! मी घरी येऊन विषय काढला तर बटाटे सोलता सोलता म्हणाली, ‘मला काय विचारता? कप्तानाला विचारा.’ आता दर रविवारी ती नेम धरते आणि मी खुर्चीत बसून तिचे गुण लिहितो. तेही, गॉर्डी म्हणतो, अक्षर नीट काढत नाही.

वहिनींना नमस्कार. पत्र वाचून हसलास तरी चालेल, पण हळू हस.

तुझा, आता फक्त गुणलेखक उरलेला,
ऑर्विल

ता. क. बंदूक कुठली, हे तू एव्हाना विचारलं असशील. बाबांचीच. दोघांनी एकेक वर्ष आळीपाळीने वापरायची असं ते म्हणाले होते, आणि यंदा ऑगस्टपासून तुझी पाळी आहे, हे मी विसरलेलो नाही.

ता. क. २. तिच्यासाठी मुद्दाम एवढ्या लांब येऊ नकोस. तुझ्या वाट्याचे अकरा इंच वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत. टोक जरा फुललंय. वहिनींना फुलदाणीसारखं वापरता येईल.