पाटीवर न मावलेला प्रश्न

धाकटीस ताईचे, या वेळी बिनआवाजी, आशीर्वाद.

घशाचं ऑपरेशन नीट झालंय, काळजी करू नकोस. बोलायची बंदी आहे आणि घरात मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून तू ही समुद्रकाठची सहल ठरवून दिलीस. माझ्या एकटीसाठी गाडी, आणि ती चालवणारा गाइड! तो दिवसभर बोलला, मी पाटीवर खडू घासत बसले. "असं गुणी गिऱ्हाईक पहिल्यांदाच मिळालं," म्हणाला. तू असतीस तर हसून लोळली असतीस.

दुपारी कुंपण घातलेली पुळण लागली. "इथले मच्छीमार हॉटेलासाठी जागा सोडून राजीखुशीने उठले," तो म्हणाला. माझा खडूच मोडला. राहवलं नाही गं, बोलले, "राजीखुशीने घर कोण सोडतं?"

आवाज कसला, नुसती हवा. लाटांच्या गाजेत विरली. त्याने गाडी थांबवून कान जवळ आणला. मी पुन्हा विचारलं. कुंपणाच्या आत बोट दाखवत तो म्हणाला, "आमचंच घर होतं, ताई. रोज खोटं सांगतो."

भाषणांनी इतकी मैदानं गाजवली, पण माझ्यापाशी येऊन असं कुणी बोललं नव्हतं.

आईचे गुडघे कसे आहेत? तिने माझा आवाज ऐकायचा हट्ट धरला, तर मी सभेला गेलेय म्हणून सांग.

तुझी,
ताई