मांडीवरचा नारळ

रविवार, संध्याकाळ

नातीचं, चिमीचं, जावळ काढायला बालाजीच्या देवळात निघालो. गाडीत तिच्यासाठी नवी बेबी सीट बसवलेली. मी मुलाला म्हटलं, "काऊन पाहिजे हे? आजोबाची मांडी मेली काय बे?" कविता म्हणत नेणार होतो पोरीला.

सुनेनं पूजेचा नारळ माझ्या मांडीवर ठेवला. "घट्ट धरा, बाबा." मुलानं अंगणातच गाडी पळवून ब्रेक दाबला. नारळ उडाला, पुढं आपटून तडकला.

"आता बोला. नारळाच्या जागी चिमी असती तं?" सून म्हणाली. मुलगा हसला.

दोन्ही हातांनी धरला होता ना मी? धरला होता.

पट्ट्यांत बांधलेली चिमी वाटभर गाढ झोपली. कविता ओठांतच राहिली. देवळापाशी नवा नारळ घेतला. तो सुनेनं माझ्या हाती दिला नाही.