कळ अजून उठली न्हाई

आईच्या पायावर राजेश्वरीचं डोकं.

आमी कारखान्यावर सुखरूप हाय. काल ऊस तोडताना ह्यांच्या नडगीला कोयता लागला, पन दुखलंच न्हाई. तशाच पायानं गाडी भरली. मला वाटलं, देवी पावली.

डॉक्टर म्हनले, मानूस घाईत, धाकात असला की मेंदूच्या बुडातून मनक्यात हुकूम उतरतो आन् कळ तिथंच अडवतो. पन घटकाभरच. मग दुखायलाच पायजे.

आज पाय गार पडलाय. हे हसत्यात, चिमटा घे म्हनत्यात. मी घेते आन् तोंडाकडं बघत ऱ्हाते.

आमची सोनी तुझ्याजवळ नीट जेवती का? तिला ह्यातलं सांगू नको.

मोहट्याच्या देवीला नवस बोल, आई. ह्यांचा पाय दुखू दे म्हन.

तुझी राजी