तेवढं अ‍ॅडजस्ट करा

ता. ४ जून

चि. बारकीस, अ. उ. आ.

तुझा भाऊ ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिवणाचं मशीन त्याहून मोठ्याने कुरकुरतं, म्हणून त्यांचं कोणी ऐकत नाही.

ते मशीन खिडकीतून हललं. तिथे चिरंजीवांचं ऑफिसचं टेबल आलं. मशीन जिन्याखाली. म्हणाले, बाबा, तेवढं अ‍ॅडजस्ट करा. मी इंग्रजी शिकलो नाही, पण हा शब्द आता पाठ झालाय. चष्मेवाला म्हणतो, नजर होईल अ‍ॅडजस्ट. गिऱ्हाईक म्हणतं, कंबर अ‍ॅडजस्ट करून द्या. बसमध्ये उभा माणूस बसलेल्याला म्हणतो आणि त्याला बूड टेकायला जागा मिळते. तिथवर शब्द गुणी. घरात मात्र बसलेलाच उभ्याला म्हणतो.

जिन्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. बोटांनी चाचपत शिवतो. परवा एका कोटाची बाही उलटी लागली. गिऱ्हाईक कोट घेऊन गेलं, ते पुन्हा फिरकलंच नाही. उजेड गेला तर माझं काम गेलंच म्हण.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझा दादा

ता. ११ जून

ती. दादास, शि. सा. न.

तुझं पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं, त्याचा हिशेब चिरंजीवांकडे. त्यांना म्हणावं, आत्याचे हात अजून कानापर्यंत पोचतात.

तू इकडेच ये, कायमचा. मागची खोली रिकामी आहे, खिडकी चांगली ऐसपैस. मशीन आधी पाठव, नाहीतर तू नुसता येतो येतो म्हणत बसशील. माझ्या घरात तो शब्द कोणी काढला तर जीभ हासडीन, मग हे का असेनात.

वाट बघते.

बारकी

ता. २० जून

चि. बारकीस, अ. उ. आ.

मशीन आज टेम्पोत चढवलं. सुनेने पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून दिलं. चिरंजीव म्हणाले, बरं झालं. मीही तिकीट काढलंय.

भेटीअंती बोलूच.

दादा

ता. २७ जून

ती. दादास, शि. सा. न.

मशीन पोचलं. कसं लिहू कळत नाही. लेक अचानक परत आली, नवऱ्याशी पटलं नाही. कामही आता घरूनच करते. मागची खोली तिला दिली. तिच्यापुढे माझं तोंड उघडेना. मशीन तूर्त दारामागे ठेवलंय, वर दिवा लावून देईन. तू ये, पण हे म्हणतात, थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागेल.

रागावू नकोस.

बारकी

ता. ३ जुलै

चि. बारकीस, आशीर्वाद.

तिकीट परत केलं. यजमानांची जीभ हासडू नकोस, लेकीची समजूत काढायला ती लागेल.

मशीन परत पाठवू नकोस. इथे जिन्याखाली चपलांचं कपाट आलंय, मापात बसलंय. कोणी शिवणारं भेटलं तर मशीन देऊन टाक, फक्त खिडकीशी ठेवायला सांग.

मी दुपारी जिन्याच्या पायरीवर बसतो. कुणाला चपला काढायच्या असल्या की उठतो.

लोभ असू दे. त्याला जागा लागत नाही.

दादा