आवळ गळ्याची रायफल

ड्राय क्रीक, आयडाहो
१७ सप्टेंबर १९७९

प्रिय ऑरिन,

पत्राची सुरुवात तब्येतीच्या चौकशीने करायची असते, पण माझ्यावर चाललेला अन्याय त्याहून तातडीचा आहे. गेले नऊ दिवस मला माझ्याच घराचं दार उघडता येत नाही. काडतुसांच्या पितळी पुंगळ्या साच्यात दाबण्याआधी त्यांना लोकरीची चरबी चोळतात, हे तुला मी काय सांगणार! पण ती चरबी दाराच्या मुठीला, कॉफीच्या किटलीला आणि टेलिफोनलाही लागते, हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. काल मी कोपराने कडी काढून बाहेर पडले. बावन्न वर्षांच्या करदात्या बाईवर ही वेळ!

असो. तू बरा असशील. ओरेगनमध्ये पाऊस फार, असं ऐकते. इथे साप्ताहिकातलं माझं सदर चालू आहे. लोक रागावतात आणि वर्गणी भरतात.

आता काम. अकरा वर्षं अर्ज करून शेवटी सोडतीत माझं नाव निघालं. नर एल्क सांबराच्या शिकारीचा परवाना, हंगाम दहा ऑक्टोबरपासून. जन्मात पुन्हा मिळेल असं वाटत नाही, आणि मला जायचंय ते बाबांचीच रायफल घेऊन. तिचं काडतूस कुठल्या दुकानात मिळत नाही, कारण ते बाबांच्या डोक्यातून निघालेलं. म्हणून कारखान्याच्या पुंगळ्या आणल्या आणि तू इथेच टाकून गेलास त्या साच्यात दाबून त्यांचे गळे बारीक केले. चाळीस पुंगळ्या, एकीलाही सुरकुती नाही. बाबांनी शाबासकी दिली असती; म्हणजे काही बोलले नसते.

रिकामी पुंगळी नळीच्या मागच्या चेंबरमध्ये अलगद जाते. तिच्यात गोळी बसवली की अडते. मागून चेंबर बंद करणारा बोल्ट मिटतच नाही. साचा आणखी खाली घेऊन पुंगळीचा खांदा, गळ्याखालचा उतार, मागे सारला. लांबी कापली. गोळी खोल बसवली. फरक शून्य. जोर केला नाही, तेवढी अक्कल आहे. डूई स्टोक्स येऊन म्हणाला, "व्हर्ना, हातोडीने एक हलकी टिचकी दे की."

"डूई, तुला लहानपणी कुणीतरी दिलीच होती ना? परिणाम बघतेय मी."

तर कुठे अडतंय? हे काम तुझ्याइतकं कुणाला येत नाही. मागचं काही उकरून काढायला लिहीत नाहीये.

तुझी बहीण,
व्हर्ना


ड्राय क्रीक
८ ऑक्टोबर १९७९

प्रिय ऑरिन,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांत चार ओळी. त्यातल्या पहिल्या तीन कामाच्या: "गोळी बसवलेल्या पुंगळीला मेणबत्तीची काजळी धर. चेंबरमध्ये घालून काढ. काजळी पुसेल तिथे रोग."

काजळी पुसली ती गळ्यावर, गोल, चारी बाजूंनी. मी इतके दिवस खांद्याला शिव्या देत होते! गळा बारीक केला की ते पितळ जाणार कुठे? जाड होतं. आत गोळी बसली की गळा फुगतो आणि चेंबरला घासतो. जोर करून बोल्ट मिटवला आणि बार काढला असता, तर गळ्याला गोळी सोडायला जागाच नव्हती. बोल्ट माझ्या तोंडावर आला असता. पण याच साच्यातल्या, याच जाडीच्या पुंगळ्या आपण वीस वर्षं वापरल्या. मग आत्ताच का?

म्हणून तुझी चौथी ओळ पुन्हा वाचली: "लाकूड काढ आणि नळीच्या पोटाला बघ."

दोन स्क्रू काढून दस्त्याचं लाकूड वेगळं केलं. बंदूक बनवणारा चेंबरच्या गळ्याचं माप नळीवर ठोकतो. आपले बाबा ते लपवून, खालून ठोकायचे. जुन्या नळीवरचं माप मला पाठ आहे. हे ते नव्हतं. बरंच आवळ होतं, आणि शेजारी तारीख: जुलै ७३.

त्या उन्हाळ्यात त्यांनी कुणाला न सांगता नवी नळी बसवली होती. नेम आणखी चोख लागावा, म्हणून आवळ चेंबर कापलं. त्यात जाणाऱ्या प्रत्येक पुंगळीचा गळा बाहेरून तासावा लागतो. पुढे हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी काडतुसं भरायला तुला सांगितलं, आणि ही एवढी गोष्ट सांगायची विसरले. रायफल त्यांच्या उशाशी; तुला तिच्यात काडतूस घालून बघायलाही मिळालं नाही.

त्या ऑक्टोबरात शिकारीच्या तळावर शंभर पावलांवर एल्क उभा होता. त्यांचा शेवटचा. बोल्ट मिटला नाही, एल्क निघून गेला. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या धांदरटपणाने बाबांचा शेवटचा हंगाम खाल्ला." तू लाकूड काढून नळी बघितलीस ते त्याच संध्याकाळी, हो ना? बाबा शेकोटीशी बसले होते. खाली बघत. आम्हाला वाटलं, दुःखाने.

तू बाबांची चूक कुणाला सांगितली नाहीस. सामान उचललंस आणि गेलास.

आता जे मागच्या पत्रात टाळलं ते. त्यानंतर मी सदरात एक वाक्य लिहिलं होतं: 'जे बसत नाही, ते ऑरिनचं काडतूस.' तुला कुणी कळवलं नसेल, अशी आशा करत होते. तेव्हापासून या गावात न बसणाऱ्या प्रत्येक वस्तूला 'ऑरिनचं काडतूस' म्हणतात. अडकलेला खण, न लागणारी किल्ली, पाद्र्याचा नवा कोट. लहान पोरंही म्हणतात. त्यांना ऑरिन कोण ते ठाऊक नाही.

मी तीन दिवस बसून गळे तासले. वीस काडतुसं झाली आहेत, बोल्ट लोण्यातून गेल्यासारखा मिटतो. परवा पहाटे निघते, आणि रिकाम्या हाताने येणार नाही.

आज सकाळी खानावळीत गेले होते. डूईच्या थर्मासचं झाकण बसत नव्हतं. "च्यायला, ऑरिनचं काडतूस!" म्हणाला. तेव्हा तळावर माझं बोलणं ऐकलेले पाचही जण तिथे होते.

मी म्हटलं, "त्या काडतुसात काही खोट नव्हती. मी चुकीचं बोलले होते."

"मग खोट कशात होती?"

"ते मी सांगणार नाही."

डूईने डोकं खाजवलं. "अगं, मग आता याला म्हणायचं काय?"

"व्हर्नाचं म्हणा," मी म्हटलं, आणि कॉफी संपवली.

तुझी बहीण,
व्हर्ना