डावा पाय जयंतचा

प्रिय जयंत,

पत्र बघून चक्रावशील. पण फोनवर बोलायचं तर भाऊ शेजारी कान टवकारून बसतात, आणि ही बातमी त्यांच्या नकळत तुला द्यायची आहे. आधी थोडं मागचं ऐक.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधले रविवार आठवतात? टीव्हीवर तो अवाढव्य यंत्रमानव यायचा. वेगवेगळी यंत्रं उडत येऊन एकमेकांना जोडली जायची, आणि एवढं मोठं धूड आत बसलेल्या पोरांच्या हुकमावर चालायचं. आपल्याला घरात कोण विचारत होतं तेव्हा? म्हणूनच आपला त्याच्यावर जीव होता. भाऊ पेपरात डोकं खुपसून 'काय हा पोरखेळ' म्हणायचे, पण तो संपल्याशिवाय भाजी आणायला निघायचे नाहीत. मग आपण त्यांच्या पावलांवर उभे राहायचो, उजव्यावर मी, डाव्यावर तू. 'पाय जोडला' असं दोघांनी ओरडल्याशिवाय आपला यंत्रमानव जागचा हलायचा नाही. ऑफिसात साहेबालाही न जुमानणारा हा बाप आपलं मात्र निमूट ऐकायचा.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा डावा पाय रुसलाच होता. व्यायाम घ्यायला येणारी सुमित्रा 'अंकल, थोड़ा जोर लगाइए' म्हणून थकायची आणि हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. तुझ्या लेकीच्या लग्नाला येत नाही म्हणाले ते याचमुळे. चार नातेवाइकांसमोर ढकलत नेलेलं त्यांना सोसणार नव्हतं. तू चाकांची खुर्ची ठरवलीस, प्रेमानंच ठरवलीस, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गेल्या महिन्यात एका रविवारी घरातली उदासी मला असह्य झाली. मोबाइलवर तेच जुनं कार्टून शोधलं आणि टीव्हीवर लावलं. किती ओबडधोबड चित्रं रे ती. तरी तो पडला, हात तुटला आणि पुन्हा उभा राहायला लागला, तेव्हा मी पन्नाशीची बाई सोफ्यावरून उठले. बघते तर भाऊही वॉकर धरून उभे. मी म्हटलं, डावा पाय जोडला. भाऊ ढिम्म. म्हणाले, डावा जयंतचा आहे. मग तुझं नाव घेऊन, तुझ्या त्या वेळच्या किनऱ्या आवाजात ओरडले. पाय उचलला त्यांनी. फरफटवला नाही, उचलून पुढे टाकला. मी रडत होते आणि हुकूम सोडत होते. आता वॉकरही सुटला आहे, काठीवर गेटपर्यंत जातात. सुमित्राही 'जयंत, डावा पाय' असं मराठीत ओरडते.

तर पत्र एवढ्यासाठीच की ती खुर्ची रद्द कर. भाऊ लग्नाला चालत येणार आहेत. तुला ते एकदम दारातच दिसावेत म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. ती मी मोडली, कारण तुला तयारी हवी. कार्यालयाच्या पायरीशी ते डावं पाऊल टाकायला थांबतील, तेव्हा समोर व्याही असोत की अख्खं वऱ्हाड, लाजू नकोस. पोटापासून ओरड.

तुझीच,
उजव्या पायावरची वृंदाताई