शेळीचा दावा

सिडनी, ४ मार्च १७९८

ती. डॉर्कसताईस,
केझायाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे बाकी क्षेम, पण सायलस भुकेने रडरड रडतो. माझं दूध आटलंय, आणि लेफ्टनंट मोब्रेसाहेबांनी माझी शेळी दारातून सोडून नेली. त्यांना म्हणे चहात दूध लागतं! मी दिवाणी कोर्टात दावा लावला. साहेबांचं उत्तर असं की, ही शिक्षा होऊन आलेली कैदी. कैद्याला दावा लावता येत नाही नि साक्षही देता येत नाही. न्यायाधीश साहेबांना म्हणाले, पुरावा आणा. पुरावा कुठला? आपल्या जहाजावरच्या कैद्यांची कागदपत्रं घाईघाईत इंग्लंडलाच राहिली. मला बेड्यांसकट उतरताना याच न्यायाधीशांनी पाहिलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं कोर्टात चालत नाही म्हणे.

आता साहेब तुला साक्षीला बोलावणार. आपल्या जहाजावरच्यांत माफी मिळालेली तू एकटीच, म्हणजे तुझाच शब्द ग्राह्य. ताई, काहीतरी कर गं.

तुझी केझाया

पॅरामाटा, ९ मार्च

चि. केझायास अनेक आशीर्वाद.

समन्स आलं. ब्रिस्टलच्या दुकानातली लेस उचललीस तू, मी नुसती टोपली धरली. सात वर्षांची शिक्षा मात्र दोघींना सारखीच. तेव्हापासून तुझं ‘काहीतरी कर’ ऐकलं की मी आधी हातातली टोपली खाली ठेवते. बायबलवर हात ठेवून मी खोटं बोलणार नाही, आधीच सांगते. मंगळवारी येते. तोवर बाळाला मक्याची पातळ पेज दे. कोर्टात डोक्याला टोपी घाल; तुझ्या झिपऱ्या बघून पुराव्याशिवायच निकाल लावतील.

तुझी ताई

सिडनी, १४ मार्च

ती. ताईस सा. न.

जेवायलाही न थांबता होडीत जाऊन बसलीस! माणसाने आभार तरी कधी मानावेत? तू शपथ घेऊन सांगितलंस की आपण दोघी शिक्षा होऊन आलेल्या बायका, तेव्हा मला वाटलं, शेळी गेली. न्यायाधीश म्हणाले, मग तूही कैदीच. साहेब ओरडले, हिला माफी मिळालीय! न्यायाधीशांनी कागद मागितला. तू म्हणालीस, जवळ नाही. गव्हर्नरांच्या कचेरीतली नक्कल उंदरांनी केव्हाच फस्त केलेली. झालं, कैद्याची साक्ष बाद! पुरावा नाही म्हणून मी स्वतंत्र बाई, आणि शेळी घरी.

कारकुनाने निकालात लिहिलंय, ‘केझाया, वसाहतीत स्वखुशीने आलेली.’ शंभर वर्षांनी कुणी हे दप्तर वाचलं तर म्हणेल, बाई हवापालटाला आली होती. सायलस पोटभर पिऊन झोपलाय. तुझा कागद खरंच हरवला का गं?

तुझी केझाया

पॅरामाटा, २ एप्रिल

चि. केझायास आशीर्वाद.

कागद पिठाच्या डब्यात सुखरूप आहे. कोर्टात जवळ नव्हता, एवढंच. यात खोटं काय? आता तो डब्यातच राहील. बाहेर काढला की माझी साक्ष ग्राह्य, आणि शेळी पुन्हा साहेबांच्या दारात.

पण कोर्टात कैदी ठरले, म्हणून मुकादमाने शिक्षेची उरलेली दोन वर्षं मला चाकरीला लावलं. माझी बाग सुटली. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी खूप रडले. मोब्रेसाहेब आता इथेच राहायला आलेत, आणि अद्दल घडवायला मला मुद्दाम आपल्याच घरी मागून घेतलंय.

रोज सकाळचा चहा मीच नेते. काळाकुट्ट. साहेब एक घोट घेतात, तोंड वाकडं करतात. मी खाली मान घालून विचारते, साखर आणू का?

शेळीला चारा कमी पडू देऊ नकोस. आपला सगळ्यांचा लोभ तिच्यावर असू दे.

तुझी कैदी ताई